ताडपत्रीखालची भुताची गाडी

लकडगंजात ट्रकच्या लाकडी बॉड्या बांधणाऱ्या रुपरावांचा हात सरळ होता, मन मात्र संशयी. नव्या गिऱ्हाइकाने चहा पाजला तरी याला काय हवंय, असं त्यांच्या मनात येई. सत्त्याऐंशी साली मुंबईच्या टीव्हीवाल्यांनी विनोदी मालिकेसाठी भुताची गाडी बांधून मागितली, तेव्हाही त्यांनी तीनदा विचारलं, "भुताचीच काहून?"

पण काम हातात घेतल्यावर गडी रंगला. जुन्या अ‍ॅम्बॅसडरचं बोनेट काढून इंजिन उघडं टाकलं, मागे जीपची मोठी चाकं लावली, वर शवपेटीसारखी काळी बॉडी चढवली आणि दिव्यांवर पत्र्याच्या कवट्या बसवल्या. गाडी सुरू झाली की शेजारच्या लाकूड कापायच्या आरामशीनवरची माणसं बाहेर यायची. रुपरावांना तिचा अभिमान वाटत होता, पण हे त्यांनी बायकोलाही सांगितलं नाही.

त्यातच काटोलच्या चंपतरावांचा निरोप आला, रविवारी तुमच्या लेकीला, प्रेमिलाला, पाहायला येतो. संत्र्याची बाग, मुलगा मोटारीचं काम शिकलेला, आणि फोटो पाहून लेकही खूश. पण रुपरावांच्या मनात आलं, दारात कवट्यांची गाडी पाहून पाहुणे पहिल्याच बसने परत जायचे! त्यांनी गाडी ताडपत्रीने झाकून दोरखंडाने आवळली आणि घरोघर जाऊन हात जोडले, "कोणी काही इचारलं तर आपल्याले काही माहीत नाई, असं सांगजा. बस."

रविवारी पोहे झाले, मुलगा-मुलगी दोन शब्द बोलली, सगळं छान झालं. तरी रुपरावांची नजर चंपतरावांवरून हटेना. हा माणूस सारखा ताडपत्रीकडे का बघतोय? पान खाऊन येतो म्हणाला, मग अर्धा तास कुठे होता?

आठ दिवसांनी नकार आला. कारण दिलं नव्हतं. गाडीचं कोणीतरी फोडलं म्हणून रुपरावांनी आधी शेजाऱ्यांवर संशय घेतला, मग सोयरीक आणणाऱ्या मध्यस्थावर. शेवटी ताडपत्री फेकली, टीव्हीवाले न्यायला यायच्या आतच भुताची गाडी बाहेर काढली आणि भर दुपारी काटोल गाठलं. होऊ दे काय व्हायचं ते.

चंपतराव अंगणातच बसले होते. गाडीभोवती एक चक्कर मारून त्यांनी विचारलं, "ताडपत्रीखाली हेच होतं काय?"

"हेच. कोणी सांगितलं तुम्हाले?"

"कोणीच काही नाई सांगितलं, रुपरावजी, तेच तर झालं. त्या दिवशी सात घरी चौकशी केली. पोरगी कशी हाये, तर माहीत नाई. बाप कसा हाये, तर माहीत नाई. वीस वर्षांच्या शेजाऱ्याईले पोरगी माहीत नाई म्हणजे आम्ही काय समजावं?"

सोयरीक जोडण्याआधी मुलाकडचे चौकशी करतातच. थोरल्या लेकाच्या वेळी रुपरावांनी स्वतः सगळा मोहल्ला पालथा घातला होता. ते कसंबसं म्हणाले, "मीच सांगून ठेवलं होतं त्याईले. फक्त या गाडीसाठी."

चंपतरावांनी दिव्यावरच्या कवटीवरून हात फिरवला. "आमचं पोरगं तर असल्या गाड्यांमागे येडं हाये," ते म्हणाले. "पण काल त्याची दुसरीकडे सुपारी फुटली."

परत येताना वाटेवरची माणसं गाडी पाहून पोट धरून हसत होती, आणि आत बसलेल्या बापाला रडू आवरत नव्हतं. घरी प्रेमिला दारातच उभी होती. त्यांनी इंजिन बंद केलं, पण खाली उतरवेना.

"पोरी, तुले कोणी नाकारलं नाई वं," ते म्हणाले. "तुह्यं लग्न मीच मोडलं."