अर्ध्या चादरीचा पतंग

आमच्या घरात तीन पतंग होते आणि तिन्हींची मला भीती वाटायची. पोरं उडवतात तसले कागदी नव्हेत. बाबांनी ते पॅराशूटच्या कापडाचे बनवले होते. मोठा दोन चादरींएवढा, मधला एका चादरीएवढा आणि धाकटा अर्ध्या चादरीएवढा. प्रत्येकाला दोन दोऱ्या, आणि दोऱ्यांच्या टोकाला हातात धरायच्या लाकडी मुठी. उजवी ओढली की पतंग उजवीकडे झेपावायचा, डावी ओढली की डावीकडे. आणि ओढ अशी, की धरणारा माणूस कापसासारखा उचलला जाईल.

बाबा फौजेत पॅराशूट शिवायच्या कामावर होते. तिथं तोफखान्याच्या सरावासाठी असे दोन दोऱ्यांचे पतंग आकाशात फिरवत, ते त्यांनी पाहिलेलं. पेन्शन घेऊन गावी येताना लिलावातलं फाटकं पॅराशूट त्यांनी गाठोडं करून आणलं. माय कितीतरी वर्षं त्या गाठोड्यावर ज्वारीचं पोतं ठेवायची.

आमचं गाव नांदेड आणि लातूरच्या मधोमध. त्या साली लातूर जिल्हा झाला आणि आमचा तालुका त्यात गेला. चावडीवर पेढे वाटले. पेढा खाल्ल्यावर सगळ्यांना तहान लागली आणि तेव्हा लक्षात आलं, की प्यायला मागावं असं कुणाच्याच घरी पाणी नाही. हसलो आम्ही, कोरड्या तोंडानंच.

गावाच्या पश्चिमेचा तलाव मार्गशीर्षातच आटला होता. टँकर सडकेनं यायचा आणि तलावापलीकडच्या विहिरीत पाणी सोडून जायचा. आमच्या वस्तीकडची वाट त्याला चढत नव्हती. त्या विहिरीपासून आमच्या बौद्धवाड्यापर्यंत डोक्यावर घागर घेऊन पाऊण तास लागायचा. दुष्काळी कामावर गाळ काढायला म्हणून तलावाच्या पोटातून मुरमाचा रस्ता केला होता. सरळ, सपाट, ना झाड ना विजेचा खांब. दुपारी तीननंतर पश्चिमेचं वारं सुटलं की त्या रस्त्यावरून धूळ थेट आमच्या दारात यायची.

बाबांनी ती धूळ काही दिवस नुसती पाहिली. मग मायला म्हणाले, "धुळीला येता येतंय, तर पाण्याला कामून येनार न्हाई?"

गाठोडं सोडून त्यांनी मोठा आणि मधला असे दोन पतंग शिवले आणि मोडक्या हातगाडीची चार चाकं एका फळीला बसवली. पुढचा आस पायानं वळवायचा. फळीवर तेलाचे आठ डबे आणि पुढं बसायला जागा. जाताना रिकामी गाडी ढकलत न्यायची, येताना पतंग ओढणार. गाडी आवरायला मागं दोर बांधलेला. तो धरून मी पळायची. तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. मॅट्रिक होऊन घरीच होते.

पहिल्या दिवशी सगळा वाडा बघायला आला. पतंग वर गेला, दोऱ्या ताठ झाल्या आणि आठ डबे घेऊन गाडी चालू लागली. बाया ओरडल्या, कुणी टाळ्या वाजवल्या. मी मागं दोर धरून पळत होते. गाडीवर बसलेल्या बाबांची पाठ मला दिसत होती. ती पाठ एकेका झटक्याला फळीवरून वर उचलली जात होती. टाळ्या वाजवणाऱ्यांना हे समोरून दिसत नव्हतं.

महिनाभर सगळं नीट चाललं. मग एके दिवशी वारं जोरात असताना बाबांनी मधला पतंग लावला. अर्ध्या वाटेवर एक झोत आला. माझ्या हातातला दोर सुटला आणि बाबा गाडीवरून उठले, म्हणजे कुणीतरी बखोटीला धरून उठवावं तसे. दोन माणसं उंच गेले असतील. खाली आले ते खांद्यावर. त्यांचं ओरडणं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. माझे बाबा ओरडू शकतात हेच मला माहीत नव्हतं.

एसटीनं त्यांना नांदेडला नेलं. डॉक्टरांनी निखळलेला खांदा बसवला, हात छातीशी बांधून टाकला आणि दोन महिने हलवायचा नाही म्हणून सांगितलं. परत येताना बसमध्ये बाबा खिडकीबाहेर बघत होते. माय म्हणाली, "जाळा आता ती चिंध्यांची गाठोडी."

घरी आल्यावर बाबा म्हणाले, "मोठा उसव. त्याच्यातला अर्ध्या चादरीएवढा तुकडा काप."

धाकटा पतंग असा झाला. मी कापलं, मायनं मशीनवर शिवलं, बाबा खाटेवर बसून सांगत होते. गाठोड्यातल्या चिंध्या जोडून मोठाही त्यांनी पुन्हा पुरा करून घेतला. माय शिवताना सारखी पुटपुटत होती. मी विचारलं, "एवढासा? हा काय ओढील?"

"वारं दुप्पट झालं तर ओढ दुप्पट होत न्हाई, चौपट होती," बाबा म्हणाले. "मी त्या दिवशी वारं बघितलं, झोत बघितला न्हाई. पतंग झोताच्या मापानं घ्यायचा असतोय."

मग त्यांनी मला खुणा सांगितल्या. नुसती पानं हलत असली तर मोठा चालतो. फांद्या हलल्या तर मधला. वाऱ्याच्या तोंडावर चालताना वाकावं लागलं तर धाकटाच. आणि दोऱ्या वाजायला लागल्या, शीळ घातल्यासारख्या, तर कुठलाच नाही. मूठ सोडायची. एक मूठ सोडली की पतंग आपोआप जमिनीवर येतो. "दोरी मनगटाला गुंडाळायची न्हाई," हे त्यांनी तीनदा सांगितलं.

मला कळेना, हे सगळं ते मला का सांगताहेत. खरं म्हणजे कळत होतं. रात्रंदिवस डोक्यात तेच होतं. बाबांचा हात बांधलेला, भाऊ कुणी नाही, थोरली बहीण उमरीला दिलेली. गाडीवर बसायला मीच उरले होते.

पहिले काही दिवस वारं मंद होतं. मोठा लावला, जमलं. प्रत्येक वेळी घरी येऊन मी मोरीत बसायची आणि मायनं दोनदा हाक मारेपर्यंत बाहेर यायची नाही. मायला वाटायचं मी तोंड धुतेय. धुवायला पाणी कुठलं?

मग तो दिवस आला. तीन दिवस टँकर आला नव्हता. दुपारी कुणीतरी सांगत आलं, की आलाय आणि विहिरीत पाणी पडलंय. घरात एक तांब्या पाणी शिल्लक होतं आणि बाबांना ताप होता. मी आणि माय गाडी ढकलत निघालो. वारं समोरून येत होतं. तलावाच्या पोटात उतरल्यावर आम्ही दोघी वाकून चालत होतो. पदरानं तोंड बांधलं तरी दातांखाली माती लागत होती.

विहिरीवर गर्दी होती. डबे भरायला तास गेला. तोवर आभाळाचा रंग तांबूस झाला. मी गाडीवरून मधला आणि धाकटा, दोन्ही गाठोडी काढून समोर ठेवली आणि बघत बसले.

शेजारचे आप्पा म्हणाले, "पोरी, त्या फडक्यानं आठ डबे ओढतेत व्हय? मधला लाव. धा मिनिटात घरी."

"मधल्यानंच हिच्या बापाचा हात गेला," माय म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "आपन डोक्यावर नेऊ, लेकी. दोन खेपा करू. मी करते तीन."

एक घागर डोक्यावर घेऊन या वाऱ्यात पाऊण तास चालणं कसं असतं, ते मला दिसत होतं. आमच्यापुढं निघालेली एक म्हातारी वीस पावलांवर आडवी झाली होती आणि तिचं पाणी वाहून गेलं होतं. ती रडत नव्हती, ओल्या मातीवर नुसता हात फिरवत होती.

मी धाकटा उचलला. बाबांच्या खुणा आठवून, हिशोब करून उचलला असं पुढं मी लोकांना सांगत आले. ते खरं नाही. मधल्याच्या गाठोड्याकडे बघून मला ओकारी येत होती, म्हणून मी धाकटा उचलला.

मायनं पतंग धरला, मी गाडीवर बसले, मुठी घेतल्या. मायनं सोडताच तो वर गेला नाही, उडाला. मोठा सावकाश चढायचा, हा चिमणीसारखा इकडून तिकडं झपाझप. माझी नजर त्याच्या मागं पुरेना. पण गाडी हलली. आठही डब्यांसकट हलली आणि पळू लागली. मागून माय दोर धरून धावत होती.

निम्म्या वाटेपर्यंत मला वाटलं, जमतंय. तेवढ्यात दोऱ्या वाजल्या.

आधी बारीक, डास कानाशी यावा तसा आवाज. मग चढला. दोन्ही दोऱ्या एका सुरात शीळ घालू लागल्या. आता मूठ सोडायची हे मला माहीत होतं. मी मनात म्हणालेसुद्धा, सोड. पण बोटं उघडेनात. दोरी मी मनगटाला गुंडाळली नव्हती, काही नाही. भीतीनंच बोटं लाकडावर आवळली होती आणि ती माझी राहिली नव्हती.

"सोड! सोड गं!" माय ओरडत होती. मग तिचा आवाज वेगळ्याच जागेवरून, खालून आला. मी मागं बघितलं. माय पडली होती, पण तिनं दोर सोडला नव्हता. ती मुरमावरून फरफटत येत होती.

ते बघताना माझा पाय आसावरून सरकला. गाडी रस्ता सोडून तलावाच्या वाळक्या गाळात शिरली. गाळाला हातहात भेगा पडलेल्या. चाक भेगेत गेलं, गाडी उलटली आणि मी पोटावर आपटले. तरी मुठी हातातच. पतंगानं मला तशीच दहा-बारा पावलं ओढत नेलं. तोंडात माती, हनुवटी सोललेली. मग डावा हात एका ढेकळावर आदळला आणि त्या दुखण्यानं बोटं उघडली. डावी मूठ गेली. पतंगानं एक गिरकी घेतली आणि तो मेल्यासारखा खाली पडला.

एकदम शांत वाटलं. वारं तसंच होतं, तरी शांत वाटलं.

माय लंगडत आली. तिचे दोन्ही गुडघे आणि कोपरं रक्तानं भरली होती. ती माझ्याजवळ बसली आणि माझं डोकं, हात, पाय चाचपू लागली. मीही तिला चाचपत होते. मग दोघींनी एकदमच डब्यांकडे बघितलं. सहा डब्यांचं पाणी भेगांत गेलं होतं. कुठं गेलं ते दिसतसुद्धा नव्हतं, भेगा तशाच कोरड्या. दोन डबे उभे होते.

ते दोन डबे डोक्यावर घेऊन आम्ही घरी निघालो. वस्तीजवळ आलो तर बाबा तापातच उठून तलावाच्या काठापर्यंत आले होते. हात छातीशी बांधलेला, अंगावर चादर. आम्हाला बघून ते खाली बसले.

घरी आल्यावर त्यांनी विचारलं, "कोनता लावला व्हता?"

"धाकटा."

ते मान हलवत राहिले. मी म्हणाले, "बाबा, मी खुणा बघून न्हाई घेतला. मी भिऊन घेतला."

"मग?" ते म्हणाले. "त्यो शिवला बी भिऊनच. तुला काय वाटलं, मी हिशोबानं शिवून घेतला? खांदा निखळल्यापासून रोज सपनात वर जातोय मी, अन खाली येतच न्हाई." मग म्हणाले, "भिऊन घेतलास म्हनून आज हाईस. मधला असता तर..."

त्यांच्या हनुवटीला कंप सुटला होता. फौजेतला माणूस, मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. मला त्यानं धीर आला नाही. उलट वाटलं, घरात न भिणारं आता कुणीच उरलं नाही.

दुसऱ्या दिवशी ओढून आणलेली गाडी आठ दिवस भिंतीला उलटी टेकून होती. आम्ही घागरी वाहिल्या. मायचे गुडघे भरत नव्हते, चालताना खपली फुटून लुगड्याला रक्त लागायचं. नवव्या दिवशी वारं बेताचं होतं. विहिरीवर डबे भरून झाले. मी धाकट्याचं गाठोडं सोडलं, मुठी हातात घेतल्या आणि उभीच राहिले. गाडीवर बसायला पाय उचलेना.

मायनं माझ्या हातातून मुठी काढून घेतल्या.

"सरक," ती म्हणाली.

"माय, तुला येत न्हाई."

"शिवला कुनी? मलाच ठाऊक हाय त्याची शिवन कुठं कच्ची हाय अन कुठं पक्की."

लुगड्याचा काष्टा घट्ट करून ती फळीवर बसली. बसताना तिनं डोळे मिटले होते, ओठ हलत होते. मी पतंग धरून पुढं गेले आणि सोडला. तो चढला. मग पळत मागं येऊन मी दोर धरला.

गाडी चालू लागली. पुढं मायची पाठ. तिचा पदर वाऱ्यानं फुगत होता आणि प्रत्येक झटक्याला ती फळीवरून जराशी वर उठत होती. मी गाडीवर असताना इतकी कधी भ्याले नव्हते. दोर दोन्ही हातांनी धरून, मुरमात टाचा रोवत, मी ओरडत सुटले, "हळू, माय! हळू!" आणि ती पुढून, मागं न बघता ओरडली, "मला काय सांगतीस? वाऱ्याला सांग!"

त्या दिवशी आठही डबे घरी पोचले.