दातवाले आबा

आज मी भूशास्त्राचा पदवीधर आहे, घराण्यातला पहिला, तो आमच्या वडगाव रासाईच्या दातवाल्या आबांमुळे. कुठलंही जनावर समोर आलं की आबा आधी त्याचा जबडा उघडून दात बघत. जन्म मेंढरांमागं गेलेला. दातांवरून वय सांगत आणि चुकत नसत. म्हणत, "माणूस वय चोरतं. जनावराला ते जमत न्हाई."

मी बारावीला असताना भीमेच्या पुरानं काठ खचला आणि वाळू-गोट्यांत एक जड, पन्हाळ्या पडलेला दगड उघडा पडला. गावानं त्याला शेंदूर फासला, नारळ फोडला. आबा आले, वाकले, दगडावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "ही दाढ हाय."

"आबा, देव हाय त्यो!" सरपंच ओरडले.

"देवाला दाढ कशाला? चावून चावून मागपर्यंत झिजलीय. म्हातारं जनावर हाय, लई थोराड."

त्यांनी रॉकेलचं फडकं मागवलं आणि सगळ्यांदेखत शेंदूर पुसायला बसले. "कोप हुईल," कुणीतरी म्हणालं. आबांनी मानही वर केली नाही. "झाला तर माझ्यावर हू द्या. तुमी कशाला भ्याताय?"

आठवड्यात त्यांची एक मेंढी मेली. कोप झाला, असं लोक मुद्दाम घरी सांगायला आले. आबा म्हणाले, "व्हय, मेली. ह्याच्या आधी मेलेल्या कुणी मारल्या?"

दाढ त्यांनी आपल्या ओसरीत ठेवली. मला म्हणाले, "तू शिक. ह्या जनावराचं नाव मला सांग." वडील मला कंपनीत चिकटवणार होते. आबांनी त्यांना दारातच सुनावलं, "कंपनी पळून जाती व्हय? पोराला माझं काम करू दे."

मी दौंडहून डेमू गाडीनं पुण्याच्या कॉलेजात जाऊन शिकलो. दुसऱ्या वर्षी दाढ सरांना दाखवली आणि आबांना येऊन सांगितलं, की ती हजारो वर्षांपूर्वीच्या हत्तीची आहे.

"म्हातारा हुता का?"

"होय."

"मंग मी काय म्हणलं हुतं?"

आता मी त्याच कॉलेजात जीवाश्मांचा संग्रह सांभाळतो. आबांनी दाढ आम्हाला देऊन टाकली. त्यानंतर मी त्यांना लिहिलेलं पत्र हे:

ती. आबांस सा. न.

दाढ काचेच्या कपाटात ठेवली. फटींत अजून शेंदूर आहे, तो तसाच राहू दिला. शेजारी परदेशातून आलेला ट्रायलोबाइट आहे, म्हणजे समुद्रातलं किड्यासारखं जनावर, दगड झालेलं. त्याला दात नाहीत, तुम्हाला आवडणार नाही. पण त्याच्या चिठ्ठीवर तो शोधणाऱ्या साहेबाचं नाव आहे. तुमच्या चिठ्ठीवर मात्र 'स्थानिक रहिवाशाकडून' एवढंच लिहा, असं मला वरून सांगण्यात आलं. मी म्हणालो, मग साहेबाचंही नाव काढा.

चिठ्ठी तीनदा परत आली. तिन्ही वेळा मी तेच लिहिलं: 'दाढ म्हणून प्रथम ओळखणारे – धोंडिबा बिरू, मेंढपाळ, वडगाव रासाई.' आज ती काचेआड लागली आहे. काढली, तर पुन्हा लावीन. माझी नोकरी दरवर्षी नव्यानं मिळते, हे तुम्हाला ठाऊक आहे. काळजी करू नका.

कोप झालाच, तर माझ्यावर होऊ द्या.