पहिल्या भोंग्यालाच फेटा सोडला

आता लपवून तरी काय उपयोग? सगळ्या गडमुडशिंगीला ठाऊक झालंय. दुसऱ्याच्या तोंडून तिखटमीठ लावून ऐकाल, त्यापेक्षा माझ्याकडून ऐका. आधी चहा घ्या. हसायचं असेल तर कप खाली ठेवून हसा.

मी चौथी शिकलो. पण कुस्तीच्या मैदानात तीस वर्षं पंच होतो. निकाल दिला की दिला. परत विचारायला कुणाची माय व्याली नव्हती!

माझी नात श्रावणी. एकोणीस वर्षांची, उंची पाच फूट अकरा. कॉलेजात बास्केटबॉल खेळते. मला तो खेळ कधी पटला नाही. ज्यात अंगाला माती लागत नाही, तो खेळ कसला?

सकाळी सहाला मी म्हशीच्या धारेला बसतो. ही गोठ्याच्या दारात मोबाईल घेऊन उभी. अमेरिकेतल्या मॅच. तिकडं संध्याकाळ असते म्हणे.

"काय बघालीस?"

"मॅच, आज्जा."

"कालबी हीच टीम होती की."

"परवाबी हाय. एका टीमला सीझनला ब्याऐंशी मॅच असत्यात."

माझी धार चरवीत पडायची ती पायावर पडली. ब्याऐंशी! अहो, ब्याऐंशी वेळा लढायचं, तर हरल्याचं दुःख कधी करायचं आणि जिंकल्याचा आनंद कधी? आमच्या यात्रेला वर्षातनं एक मैदान. ट्रॅक्टर भरभरून माणसं येतात. का? कारण ती कुस्ती हुकली की वर्ष गेलं. ब्याऐंशी मैदानं भरवा, शेंगदाणेवालासुद्धा फिरकणार नाही.

श्रावणी म्हणाली, "तिकडंबी लोक म्हणत्यात, मॅच कमी करा. दमू नयेत म्हणून मोठी खेळाडू मधनंमधनं बसवून ठेवत्यात. तिकीट काढून आलेली माणसं मग चिडत्यात."

"चिडणारच! पत्रकावर पैलवानाचं नाव छापायचं आणि तो घरात पाय चेपून घ्यालाय? आमच्यात दगडं पडतील."

एक नियम मात्र मला आवडला. चोवीस सेकंदांत बॉल वरच्या जाळीच्या कडीकडं टाकायचाच. नाही टाकला तर समोरच्याला द्यायचा. वा! आमच्या जुन्या जोड्या तास तास एकमेकांच्या मानेवर हात ठेवून उभ्या राहायच्या. लोक घरी जाऊन जेवून यायचे, तरी ह्यांचे हात तिथंच. माझ्याजवळ तसलं घड्याळ असतं, तर माझ्या तीस वर्षांतली दहा वाचली असती.

बाकीचे नियम मी विचारले नाहीत. विचारणं माझ्या स्वभावात नाही. तिथंच मेलो.

यंदा मुलींची एक नवी लीग निघाली. धंदेवाईक. कॉलेजसारखं प्रमाणपत्र देऊन वाटेला लावायचं नाही, पगार देऊन खेळवायचं. तिच्या निवडीसाठी कोल्हापुरात तीन दिवस मॅच ठेवल्या. श्रावणी वर्षभर पहाटे पाचला उठून पळत होती ती ह्यासाठीच. नाव आलं तर ती खेळाडू. नाही आलं तर तिचा बाप म्हणेल तशी बँकेच्या परीक्षेची पुस्तकं.

निवड झाली तर घरच्यांच्या संमतीचा फॉर्म तिथंच द्यायचा होता. मुलगा कागलला कारखान्यात, त्याची ड्यूटी. म्हणून तिसऱ्या दिवशी फॉर्म घेऊन मी निघालो. सही माझी. घरात मोठा मी.

श्रावणीनं दारातच बजावलं, "आज्जा, मॅच झाल्यावर फॉर्म निवडीच्या मॅडमना द्यायचा. दुसरं काय करायचं न्हाय. नुसतं बसायचं."

"मी काय ल्हान पोरगं हाय?"

ती पिशवी उचलून निघाली. 'होय' म्हणायला हवं होतं.

मी मैदानाला जाताना बांधतो तो फेटा बांधला. हॉलमध्ये गेलो तर जमीन लाकडाची, आरशासारखी. चपला दारात काढल्या. दारावरचा माणूस म्हणाला, "आजोबा, चपला चालत्यात की." मी ऐकलं नाही. आखाड्यात चप्पल घालून जात नाहीत. त्यानं मोबाईल बंद करा म्हटलं, तो केला.

मॅच सुरू झाली. समोरच्या टीमची कप्तान आमच्या श्रावणीपेक्षा बोटभर उंच. पोरगी कसली, घार! आमच्या पोरींच्या हातातला बॉल उचलायची आणि कडीत सोडायची. फळ्यावर त्यांचे एकवीस झाले, आमचे नऊ.

आणि भोंगा वाजला.

आता तुम्हीच न्याय करा. भोंगा वाजला. पंचानं बॉल काखेत मारला. दोन्हीकडच्या पोरी मैदान सोडून बाहेर गेल्या. लोक उठून पाय मोकळे करू लागले. ह्याला संपलं म्हणायचं नाही, तर काय म्हणायचं?

श्रावणीनं तोंडावर टॉवेल घेतला. म्हटलं, पोरगी रडतेय.

आमच्यात एक रीत आहे. आपला पैलवान पडला तर कुरकुर करायची नाही. जिंकणाऱ्याला आपल्या हातानं फेटा बांधायचा आणि मान ताठ ठेवून मैदान सोडायचं. थांबून राहिलं तर लोक म्हणतात, ह्याला काहीतरी मागायचंय.

मी उठलो. सरळ निवडीच्या टेबलाकडं गेलो. तिथं पुण्याच्या मॅडम बसल्या होत्या, चष्मा लावून काहीतरी लिहीत.

"मॅडम, मी श्रावणीचा आज्जा."

"अरे वा! बसा ना आजोबा. छान खेळते हं."

म्हटलं, ही बाई माझं सांत्वन करतेय. ते मला खपत नाही. खिशातला फॉर्म काढला आणि त्यांच्यासमोर उभा फाडला. दोन तुकडे टेबलावर ठेवले.

"अहो आजोबा, हे काय—"

"बोलू नका. निकाल लागला. हरलेली पोरगी पदरात घ्या म्हणून आम्ही दारात उभं राहणार न्हाय."

तिथनं निघालो ते समोरच्या टीमकडं. ती उंच पोरगी पाणी पीत होती. मी डोक्याचा फेटा सोडला. म्हटलं, "पोरी, वाक." ती घाबरून वाकली. मी फेटा बांधला, तुरा काढला, पाठीवर थाप मारली. "झक्कास खेळलीस. आई-बापाचं नाव काढलंस."

"थँक्यू आजोबा, पण अजून..."

"पण न्हाय, बिण न्हाय."

हॉलमध्ये टाळ्या पडल्या. काहीजण हसत होते. मला वाटलं, शहरातल्या लोकांना रीत माहीत नाही.

दारातनं बाहेर पडताना मागनं श्रावणीची हाक आली, "आज्जाऽऽ! ओ आज्जाऽऽ!" पण वळलो नाही. हरलेल्यानं मागं बघू नये.

बस स्टॉपवर आलो तेव्हा पाय भाजायला लागले. चपला हॉलच्या दारात राहिल्या होत्या! परत जायचं? एवढं ताठ मानेनं बाहेर पडून चपलांसाठी परत जायचं? छे!

गावात उतरलो. डोक्याला फेटा नाही, पायात चप्पल नाही, तोंडातनं शब्द नाही. दूध डेअरीसमोर माझा जुना दोस्त हरिबा उभा होता. त्यानं मला खालनं वर बघितलं. हळूच जवळ आला.

"तात्या... कोण?"

मी नुसता हात हलवला.

हरिबानं डोक्याची टोपी काढून खिशात घातली आणि माझ्या मागनं चालायला लागला. डेअरीवरची आणखी चौघं निघाली. पाराजवळ तिघं मिळाली. कुणी काही विचारेना. मला वाटलं, काय ही माणसं! पोरगी हरली म्हणून एवढी हळहळ!

अंगणात आमची म्हातारी लसूण सोलत होती. तिनं मला बघितलं, माझ्यामागची बोडकी माणसं बघितली आणि जो हंबरडा फोडला म्हणता!

"अगं, गप! कुणी मेलेलं न्हाय!" मी ओरडलो. "पोरगी मॅच हरलीया!"

हरिबा म्हणाला, "मग पायताण कुठाय?"

"ऱ्हायलं."

"आणि फेटा?"

"जिंकणारीला बांधला."

हरिबानं टोपी परत डोक्यावर घातली. म्हातारीनं डोळे पुसले आणि वेगळाच प्रश्न काढला.

"अवो, आणि त्यो फॉर्म?"

"फाडला."

माणूस मेलं असतं तर घर एवढं गप्प झालं नसतं.

"पोरीला इचारलासा?"

"न्हाय."

"वरीसभर पोरगी पाचला उठालीया. एक दिस थंडी म्हणली न्हाय, पाऊस म्हणली न्हाय. आणि तुमी दोन बोटांनी फाडून आलासा?" एवढं बोलून ती आत गेली. लसूण तिथंच.

तो मी गोळा केला. पन्नास वर्षांत पहिल्यांदा.

तेवढ्यात शेजारची सून ताटावर फडकं टाकून पिठलं-भाकरी घेऊन आली. मयताच्या घरी चूल पेटवत नाहीत ना! परत कसं पाठवायचं? ते हरिबानं खाल्लं. वर म्हणाला, "मीठ कमी हाय."

मी पायरीवर बसून राहिलो. फाडताना कागदाचा जो आवाज झाला होता, तो कानातनं जाईना. पोरगी आली की काय सांगायचं? रीत होती म्हणून सांगायचं?

दिवस मावळता मावळता दारात गाडी थांबली. श्रावणी उतरली. हातात माझ्या चपला. मागनं त्या पुण्याच्या मॅडम.

"आज्जा! चार डाव असत्यात! दहा-दहा मिनटांचं चार! तुमी पयला डाव झाल्या झाल्या गेलासा!"

"मग?"

"मग काय? आमी जिंकलो. पाच गुणांनी! आणि ती पोरगी हरल्यावर तुमचा फेटा काढंना झालीया. म्हणती, आजोबांनी दिलाय."

अंगणातली माणसं आधी माझ्याकडं बघत होती. मग एकानं तोंडावर हात धरला, आणि मग सगळेच हसत सुटले. हरिबाला ठसका लागला. लागू दे!

पण मला हसायचं सुचेना. मॅडमच्या हातात फॉर्मचे दोन तुकडे होते.

"आजोबा, आम्हाला काही कळेना. नातीला पाठवायचं नाही का तुम्हाला? नसेल तर तसं सांगा. उद्या नावं जाहीर करायची आहेत."

"न्हाय कोण म्हणतंय!" मी ताडकन उभा राहिलो. "मला वाटलं, हरली. हरलेल्याला कोण घेतं?"

"आज हरली असती तरी आम्ही घेतलं असतं. परवा हरलीच होती की."

मी श्रावणीकडं बघितलं. ती चपला सारख्या करून ठेवत होती, खाली मान घालून.

"सांगितलं असतं तर तुमी आलाच नसतासा," ती म्हणाली.

मॅडम म्हणाल्या, "आमची लीग चार महिने चालणार आहे. रोज कुणी ना कुणी हरणार. परवा हरून काल सकाळी सरावाला सगळ्यात आधी कोण आलं, ते आम्ही बघतो. एका मॅचवर माणूस तोलायचा तर मग एवढा लांब सीझन कशाला?"

मी खाली बसलो. एक गोष्ट मी घरात फारशी बोलत नाही. चोविसाव्या वर्षी मलकापूरच्या मैदानात मी दोन मिनिटांत चितपट झालो. वस्ताद माझा हात धरून बाहेर घेऊन गेले. ताठ मानेनं. पुन्हा मी लंगोट चढवला नाही. हरलेल्यानं निकाल देणारा व्हावं, म्हणून पंच झालो. दुसरा डाव असतो, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मीही कुणाला विचारलं नाही.

मॅडमनी पिशवीतनं नवा फॉर्म काढला. मी सही केली. आणि ह्या वेळी विचारलं, आणखी कुठं सही लागते का? छातीवरचा धोंडा गेला. म्हातारीनं आतनं चहा पाठवला. त्यात साखर होती, म्हणजे मला माफी होती.

आता लीग सुरू झालीय. कोल्हापुरात मॅच असली की मी जातो. श्रावणीनं एकच अट घातलीय: "मी येऊन सांगितल्याबिगर जाग्यावरनं उठायचं न्हाय." मी शब्द दिला. आणि माझा शब्द म्हणजे शब्द.

परवा भोंगा वाजला. पुन्हा वाजला. लोक उठले, बसले, उठले, गेले. मी बसून. दिवे अर्धे बंद झाले. मी बसून. झाडणारा माणूस खुर्च्यांच्या ओळीतनं झाडत झाडत माझ्यापर्यंत आला.

"आजोबा, मॅच संपून पाऊण तास झाला. पोरी गाडीत बसून जेवायला गेल्या."

"कुणी सांगितलं?"

"आवो, मी सांगालोय की!"

मी त्याला नीट निरखून बघितलं. "बरोबरी झाली तर जादा डाव असतो म्हणं. त्यो निघाला तर?"

त्यानं कपाळाला हात लावला नाही, हसला नाही. माझ्यासारख्यांची त्याला सवय असावी.

"मग पाय तेवढं वर घ्या," तो म्हणाला.

मी घेतले.