तियाचे केफ्तेस आणि आम्ही दोन न्यायाधीश

समस्त खवय्यांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, साठ सालाच्या आसपास हायडेलबर्ग शहरातल्या एका घराच्या तिसऱ्या मजल्यावर एक न्यायालय भरत असे. वेळ रविवारी दुपारची. न्यायाधीश दोन, सांगलीचा दाते आणि पुण्याचा मी; दोघेही विद्यापीठात रसायनशास्त्रावर संशोधन करत असल्याची अफवा होती. आरोपी तळून, निथळून, ताटलीत रचलेले असत. आणि फिर्यादी, वकील, बेलीफ, सगळं एकच बाई : आमची घरमालकीण, तिया.

तिया हे तिचं नाव नव्हे. तिच्या घरच्या भाषेत तिया म्हणजे मावशी. "फ्राऊबिऊ, बाईसाहेबबिईसाहेब म्हणालात तर दार उघडणार नाही," असं तिनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं. ती ग्रीसमधल्या सालोनिकाची ज्यू. पूर्वजांना शेकडो वर्षांपूर्वी स्पेनमधून हाकललं, तेव्हा ते येताना भाषा आणि कढई तेवढी घेऊन आले, असं ती सांगे. युद्धात जर्मनांनी तिचं सगळं घर आगगाडीत कोंबून नेलं. त्यातली ती एकटी उरली.

मग ही बाई जर्मनीतच कशी राहिली? दातेनं एकदा न राहवून विचारलंच. तिया लसूण सोलत होती. म्हणाली, "युद्ध संपलं तेव्हा मी इस्पितळात पडून होते. एक वॉर्डबॉय रोज सूप आणायचा. पुढे त्याच्याशीच लग्न केलं. सूप आणणाऱ्या माणसाला कोणी विचारतं का, तू कुठला म्हणून?" तो सूपवाला आम्ही राहायला येण्याआधीच वारला होता. "परत जायचं म्हटलं तर जाऊ कुणाकडे?" एवढं बोलून तिनं दातेपुढे लसूण सरकवला. बसून ऐकायची त्या घरात सोय नव्हती.

तर केफ्तेस. लाउख नावाची एक भाजी तिकडे मिळते. पातीच्या कांद्याला दोन वर्षं तालमीत घातलं तर तो जसा होईल, तशी. ती उकडायची, पिळायची, बारीक चिरून खिम्यात मळायची आणि चपट्या टिक्क्या करून तळायच्या. दाते शाकाहारी, म्हणून त्याच्यापुरता बटाटा. अंड्याच्या बाबतीत मात्र त्यानं जर्मनीला येताना बोटीवरच सोयीस्कर दृष्टिकोन स्वीकारला होता. ते बरंच झालं, कारण तियाची तळायची रीत उलटी होती : टिक्की आधी पिठात घोळवायची, मग फेटलेल्या अंड्यात बुडवून थेट तेलात सोडायची. वरून सोनेरी जाळी धरायची.

पिळायचं काम आमच्याकडे, कारण तियाची बोटं वळत नसत. त्या बोटांचं काय झालं होतं, ते आम्ही विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. पहिल्या खेपेला दातेनं लाउख असा पिळला की पैलवानानं बघत राहावं; आणि निघालेलं पाणी काळजीपूर्वक भांड्यात धरून पुन्हा मिश्रणात ओतलं. त्याच्या घरी मुळा पिळला की पाणी कणकेत जायचं, फेकलं तर आजी ओरडायची. टिक्क्या तेलात पडल्या आणि विरघळल्या. तिया कढईत वाकून बघत राहिली. "आल्झो, तर मग दाते," ती म्हणाली, "तू सूप तळलंस. माझ्या नवऱ्यालासुद्धा हे जमलं नसतं." आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

पण ताटली टेबलावर आली की हसणं बंद. पहिला घास तिया स्वतः घेई. डोळे मिटायची. आम्ही दोघं चावायचं थांबवून तिच्या तोंडाकडे बघत बसायचो. मग ती डोळे उघडायची आणि म्हणायची, "नाही."

तिला आईच्या हातचे केफ्तेस हवे होते. हाताला सगळं आठवत होतं, एक गोष्ट सोडून. "दाताखाली काहीतरी यायचं. बारीकसं. काय घालायचीस ग, आई?" हा प्रश्न ती स्पॅनिशमध्ये, भिंतीला विचारी. शहाजिरं झालं, भाजलेला पाव झाला, सूर्यफुलाच्या बिया झाल्या. नाही, नाही, नाही.

"मावशी, उत्तम झालेत!" दाते जीव तोडून सांगायचा.

"उत्तम नकोयत रे. बरोबर पाहिजेत," ती म्हणायची. "आम्ही चार बहिणी. एकीला जरी विचारता आलं असतं! आता मी मेले की हे कायमचे चुकीचेच राहणार."

न्यायालयाची गोची लक्षात आली ना? दोन्ही न्यायाधीशांनी मूळ पदार्थ कधी चाखलेलाच नव्हता. ज्यांनी चाखला होता, त्यांतलं कोणी या जगात नव्हतं. आम्ही आपले माना डोलवत खात होतो.

मग ग्रीसमधून कामगार यायला लागले. बाजारात एका भाजीवालीशी वांग्यांवरून ग्रीकमध्ये भांडणारा यानी तियाला सापडला. बावीस-तेविशीचा, कारखान्यात कामाला, हसरा. तो सालोनिकाचा निघाला. एवढंच नव्हे, तियाच्याच गल्लीतला! रविवारी तिनं त्याला ओढूनच आणलं. नवं टेबलक्लॉथ, केसांना कंगवा, गालांवर रंग. इतकी तरुण तिया आम्ही पाहिली नव्हती.

"जर्मनमध्ये बोल," तिनं यानीला दटावलं. "माझ्या न्यायाधीशांना कळलं पाहिजे."

यानीनं एक केफ्ता खाल्ला. दुसरा खाल्ला. तिया झारा छातीशी धरून उभी.

"आधी पीठ, मग अंडं! गेनाऊ, अगदी बरोबर! माझी आई अस्सेच करते," तो म्हणाला. "पण अक्रोड विसरलात."

झारा खाली पडला. "अक्रोड!" तिया किंचाळली. "अक्रोड, अक्रोड, अक्रोड!" दाते खालच्या मजल्यावर धावला, शेजारणीकडून मूठभर अक्रोड घेऊन आला, मी ते फडक्यात बांधून बत्त्यानं कुटले. दुसरा घाणा निघाला. तियानं घास घेतला, डोळे मिटले. आम्ही वाट बघितली. ती "नाही" म्हणाली नाही. नुसती चावत राहिली, लहान मुलीसारखी, पुढच्या दातांनी. दातेनं टेबलाखाली माझा हात इतका दाबला की मीच लाउख झालो.

घास संपवून तियानं विचारलं, "तुझ्या आईला कोणी शिकवलं?"

"कोणी म्हणजे? गल्लीतच शिकली. तिथल्या सगळ्याच बायका करतात," यानी म्हणाला. "आमच्याकडचाच पदार्थ आहे."

तिया खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसली. आपली न वळणारी बोटं तिनं त्याच्या मनगटावर ठेवली. "बेकरीसमोरच्या घरात चार मुली होत्या," ती हळू म्हणाली. "शेजारीपाजारी बहुतेक आमचीच माणसं. ज्यू. तुझी आई कधी काही बोलते का रे आमच्याबद्दल? कोणी काही बोलतं का?"

यानीचं तोंड भरलेलं होतं. पोरगा लबाड नव्हता, खरंच गोंधळला होता. त्यानं तियाकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, घास कसाबसा गिळला आणि त्याच्या तोंडून निघून गेलं :

"ज्यू? छे हो बाई, आमच्या गल्लीत ज्यू कधी नव्हतेच!"