पत्रकावरचा माझा फोटो

मी अठरा वर्षं सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकवलं. फादर व्हायला आलेल्या पोरांना नीतिशास्त्र समजावून सांगायचं, त्यांचे निबंध तपासायचे आणि सुट्टीत कुठल्या ना कुठल्या परिसंवादाला जायचं. माझ्या प्रबंधाचा विषय होता सर्वहित. समाजाचं भलं म्हणजे नेमकं कोणाचं भलं, यावर मी तासभर न अडखळता बोलू शकत असे, आणि त्याचा मला बराच अभिमान होता.

साठीला आल्यावर वरिष्ठांनी माझी बदली भंडारा जिल्ह्यात केली. माझा जन्म त्याच जिल्ह्यातल्या बपेऱ्याकडचा. वडील मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. "घरी चाललात," असं सगळे म्हणाले. मला मात्र शिक्षा झाल्यासारखं वाटत होतं. मोजकी कॅथलिक घरं, ती पण तालुकाभर विखुरलेली. पुस्तकं खोक्यातच राहिली.

आमच्या सिस्टर दर बुधवारी एका पुनर्वसित गावात दवाखाना चालवायच्या. वैनगंगेवरच्या धरणात जुनं गाव गेलं, म्हणून हे नवं वसवलेलं. सरळ रस्ते, दारांवर आकडे, आणि नळ असून नसल्यासारखे. सिस्टरांचा ड्रायव्हर सोडून गेला, तेव्हा जीप मी चालवू लागलो. सिस्टर आत रोगी तपासायच्या आणि मी व्हरांड्यात पुस्तक घेऊन बसायचो.

तिसऱ्या बुधवारी एक म्हातारा शेतकरी समोर येऊन उभा राहिला. ब्लड प्रेशर तपासायला आला होता. बराच वेळ त्यानं माझं तोंड न्याहाळलं.

"तुमाले मिशी होती न, फादर?"

"होती. तुम्हाला कसं माहीत?"

"तुमचा फोटू लागला होता आमच्या पंचायतीत. भिताडावर. खाली लिवलं होतं." आणि त्यानं ते वाक्य शाळेतल्या पोरासारखं घडाघडा म्हणून दाखवलं. "सर्वांच्या भल्यासाठी थोड्यांनी सोडलेलं घर, हे दान असतं."

वाक्य माझंच होतं. बऱ्याच वर्षांपूर्वी भंडाऱ्यात धरणाबद्दलच्या एका सभेत मी ते बोललो होतो आणि कुण्या साहेबानं ते उचलून माझ्या फोटोसकट सरकारी पत्रकावर छापलं होतं.

मी लगेच स्पष्टीकरण द्यायला लागलो. म्हटलं, माझं भाषण तिथं संपलं नव्हतं. पुढं मी तीन अटी सांगितल्या होत्या. त्या थोड्यांना आधी विचारलं पाहिजे, त्यांना 'नाही' म्हणता आलं पाहिजे आणि फायद्याचा पहिला वाटा त्यांनाच मिळाला पाहिजे. छापणाऱ्यांनी तेवढंच कापलं.

म्हाताऱ्यानं शांतपणे ऐकून घेतलं. "दान त देनारा आपल्या हातानं देते. आमाले कोनी इचारलंच नाई. माह्या बांध्या होत्या नदीकाठाले, काळ्या मातीच्या. धान असा यायचा का पाहतच राहावं. आता बरड देलं हाय, पानी थांबत नाई त्याच्यात." मग म्हणाला, "अन् कापलं होतं त तुमी तवाच काहून नाई बोल्ले?"

मी पुस्तकात डोकं घातलं. उत्तर मला पाठ होतं. ते पत्रक तेव्हाच पोस्टानं माझ्याकडे आलं होतं. मी वाचलं होतं. अटी गाळल्यात हे मला दिसलं होतं. पण फोटो चांगला आला होता. मी ते फाइलमध्ये लावलं, आणि पुढं विभागप्रमुखपदासाठी अर्ज केला तेव्हा त्याची झेरॉक्स जोडली. 'समाजातील योगदान' या रकान्यात.

त्या दिवशी मी जीप चालवत असताना सिस्टर दोनदा म्हणाल्या, "फादर, हळू." आधी राग आला तो त्या न पाहिलेल्या साहेबाचा. कात्री कुठं लावायची हे त्याला बरोबर कळत होतं. मग राग आला तो माझ्या त्या गुळगुळीत वाक्याचा, कोणीही उचलून कुठंही चिकटवावं अशा.

मी वरिष्ठांना फोन केला. मला जाहीर खुलासा द्यायचा आहे, म्हटलं.

"इतक्या वर्षांनी? कोणाला आठवतं ते?"

"पाठ आहे लोकांना."

"फादर, सरकारी कामात आपण पडू नये. संस्थेचा विचार करा. सर्वांच्या भल्याचं बघा."

मी फोन ठेवून दिला. निरोप न घेता वरिष्ठांचा फोन ठेवण्याची माझी ती पहिलीच वेळ.

पुढच्या ग्रामसभेला मी गेलो. सरपंचबाईंची परवानगी घेऊन उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. वाक्य माझं, अटी कापलेल्या, मला ते माहीत होतं, मी गप्प राहिलो. झेरॉक्सचंही सांगितलं. कोणी रडलं नाही की कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मागून एक बाई म्हणाली, "आयकलं. आता नळाचं बोला न." आणि सभा नळावर गेली.

मला अपमान वाटला, हे कबूल करतो. मी एवढं मोठं ओझं आणलं होतं आणि त्यांना वेळ नव्हता. घरी येताना त्याचाही राग आला. मग वाटलं, बाईचं काय चुकलं? माझ्या कबुलीनं तिच्या हंड्यात पाणी थोडंच पडणार होतं.

तेव्हापासून पर्यायी जमिनीचे अर्ज मी लिहून देतो. भाषा मला येते, तेवढं तरी कामी यावं. म्हाताऱ्यासोबत तीन ऑफिसं पालथी घातली. एका साहेबानं मला खुर्ची दिली आणि त्याला उभं ठेवलं. मी उठून खुर्ची म्हाताऱ्याकडे सरकवली. साहेबाचा चेहरा पडला, काम मात्र झालं नाही. अर्ज अजून तिथंच पडून आहे.

ग्रामसभेचं कळल्यावर वरिष्ठांनी सेमिनरीत अजून चालू असलेली माझी पाहुणी व्याख्यानं बंद केली. नाताळाआधी मी पापांची कबुली द्यायला गेलो तेव्हा माझे कबुली ऐकणारे वयस्कर फादर म्हणाले, "राग नाही सांगितला तुम्ही. सगळीकडे बोलून राहिले लोक तुमच्या रागाबद्दल."

"गप्प राहिलो ते सांगितलं, फादर," मी म्हटलं. "रागाचा मला पश्चात्ताप नाही, मग पाप म्हणून सांगू कसा?"

त्यांनी मला पापक्षमा दिली, आणि दुसऱ्या दिवशी बुधवार होता म्हणून मी जीपमध्ये डिझेल भरायला गेलो.