पट्टी उतरवलेला आवाज

आधीच सांगते, आमच्या घरात लिंबू फक्त सरबतासाठी येतं. असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता... आजही आहे असं म्हणवत नाही. पण मागच्या उन्हाळ्यात जे झालं ते लिहून तरी मोकळी होते.

लातूरला औसा रोडवर माझा एका खोलीचा स्टुडिओ आहे. ऑटोवर भोंगा लावून गावोगाव फिरवतात ना, त्या जाहिराती मी रेकॉर्ड करते. पुरुषाचा आवाज हवा असेल तरी मीच बोलते, आणि सॉफ्टवेअरमध्ये पट्टी खाली उतरवते. लांबी तेवढीच राहते, आवाज मात्र जाड होतो. बियाण्याच्या दुकानाची अशीच एक जाहिरात तेव्हा निलंग्यात फिरत होती.

एका दुपारी बाबुराव नावाचे पन्नाशीचे गृहस्थ पत्ता विचारत आले. निलंग्याजवळच्या खेड्यातले.

"ताई, बियाण्याच्या ऑटोत बोलणारा माणूस कुठं हाय? त्यो माझा धाकटा भाऊ हाय, नामदेव. घर सोडून गेला त्याला अकरा वर्षं झाली."

मी त्यांच्यासमोर बोलून, पट्टी उतरवून दाखवली. त्यांनी ते पुन्हा एकदा लावायला सांगितलं. मग म्हणाले, "माय लई खचलीय. याच आवाजात एकदा 'जेवलीस का माय' म्हणा. फोनवर ऐकवतो तिला."

म्हाताऱ्या बाईला फसवायचं जिवावर आलं होतं, पण त्यांचा चेहरा बघवेना. मी म्हटलं, "जेवलीस का माय?" पट्टी उतरवली. त्यांनी घरी फोन लावून मोबाइल स्पीकरसमोर धरला. मी प्ले केलं.

"जेवलीस का गोदे?"

बाबुराव माझ्याकडे वळले. "हे... हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

आईचं नाव गोदावरी. तिला लाडानं नाव घेऊन हाक मारणारा घरात नामदेव एकटाच होता.

मी मूळ रेकॉर्डिंग लावलं – माझा आवाज, "माय". उतरवलेलं लावलं – "गोदे". पुन्हा उतरवून पाहिलं... तेच. आणि फोन तर चालूच होता. पलीकडून म्हातारीचा आवाज आला.

"नामा... कुठं हायस रे? बोल की!"

बाबुरावांनी फोन कापला.

तिसऱ्या दिवशी म्हातारी त्यांच्यासोबत एसटीनं आलीच. मी दहा-बारा वाक्यं बोलले, सगळी उतरवली. नुसता माझाच जाड केलेला आवाज. शेवटी तिनं माझा हात धरला. "तू बोलू नकोस बाई. त्याला बोलू दे."

मी माइक चालू ठेवून मिनिटभर गप्प बसले. त्या शांततेचीच पट्टी उतरवली आणि हेडफोन तिच्या कानांवर लावला. ती ऐकत होती. मध्येच "हं" म्हणाली. थोड्या वेळानं "बरं". मग हेडफोन काढून उठली. "चल बाबू, गाडी चुकंल."

"काय म्हणला, माय?" बाबुरावांनी विचारलं. ती पायऱ्या उतरायला लागली होती.

ती फाइल मी नंतर कितीदा तरी ऐकली. पंख्याची घरघर, बस्स. मूळ 'माय'वाली आणि उतरवलेली 'गोदे'वाली, अशा दोन्ही फाइल नांदेडला साउंडचं काम करणाऱ्या मित्राला पाठवल्या. त्यालाही उतरवलेलीत 'गोदे'च ऐकू आलं. दोन दिवसांनी तो एवढंच म्हणाला, "असं होऊच शकत नाही... डिलीट कर." माझ्याच्यानं ते झालं नाही. पण पुरुषी आवाजाची कामं मी बंद केली.

परवा बाबुरावांचा फोन आला होता. अकरा वर्षं म्हातारी रोज नामदेवचं ताट वाढून ठेवायची म्हणे. लातूरहून गेल्यापासून वाढत नाही.

"का, ते विचारलं तर सांगत न्हाई ओ ताई. तुम्हाला काय माहीत हाय का?"