न बदललेलं पाणी

जिताडा हा खाडीचा मासा. परतूरजवळच्या आमच्या गावात त्याचं काही काम नव्हतं. पण माझे दाजी जालन्यात बियाण्याच्या कंपनीत होते, आणि बी कुठलंही असो, नीट जपलं की वाढतंच, अशी त्यांची खात्री. किनाऱ्यावरून नखाएवढी पिल्लं आणायची, शेडमधल्या टाक्यांत मिठाच्या पाण्यात बोटाएवढी करायची, हळूहळू गोड्या पाण्याची सवय लावायची आणि शेततळ्यात सोडायची. मी शाळेत विज्ञान शिकवतो म्हणून पाण्याचं काम माझ्याकडं आलं. पिल्लांना चारायचं काम मावशीकडं.

मावशी आमच्या शेतात वर्षानुवर्षं कामाला येणारी. पेरणीच्या दिवसांत तिफणीच्या चाड्यात बी सोडायला सगळं गाव तिला बोलवायचं, कारण तिच्या मुठीतून दाणा सारखा पडायचा. तिनं पेरलेल्या तासात कुठं दाट, कुठं मोकळं असं कधी दिसायचं नाही. जिताड्याची पिल्लं एकमेकांना खातात, जरा मोठं झालेलं शेजारच्याला गिळतं. ती चहाच्या गाळणीनं मोठी पिल्लं उचलून दुसऱ्या टाकीत टाकायची आणि म्हणायची, "भावकीच हाय बाबा ही बी."

पिल्लं देणाऱ्या माणसानं फोनवर मला एकच गोष्ट तीनदा सांगितली होती. रोज तळाची घाण नळीनं ओढून काढा आणि तिसरा हिस्सा पाणी फेकून नवं भरा. विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया होतो. तो दिसत नाही, पण पिल्लांचे कल्ले जाळतो. आमच्या बोअरच्या क्षारट पाण्यात तर तो जास्तच विषारी.

फेकून द्या म्हणणं त्याला सोपं होतं. आमच्याकडं अंघोळीचं पाणीसुद्धा झाडांना जातं. हे पाणी खारं, ना झाडाला चालत ना जनावराला. पाचव्या दिवशी मी नळी नाल्यात सोडून बसलो होतो. टँकरवरून घागर भरून चाललेली एक म्हातारी रस्त्यात थांबली. पाणी वाहत होतं तोवर पाहत राहिली, आणि मग गेली.

दुसऱ्या दिवसापासून मी पाणी काढलं नाही. उडून गेलं तेवढंच वर भरायचो. दाजी रविवारी येऊन वही पाहायचे, म्हणून वहीत रोज लिहायचो, 'पाणी बदलले.'

आठवडाभरानं मावशी म्हणाली, "गुरुजी, पाण्याला वास येऊन राह्यला."

"समुद्राच्या पाण्याला असतोच," मी म्हणालो. मी तोवर समुद्र पाहिला नव्हता.

त्या दुपारी काचनळीत टाकीचं पाणी घेऊन अमोनिया तपासायचे थेंब टाकले. रंग पिवळा राहायला हवा होता, तो गर्द हिरवा झाला. मी नळी विसळून ठेवली. तेव्हाही अर्धी टाकी रिकामी केली असती तर काही पिल्लं वाचली असती. पण एकदम एवढं पाणी का काढलं, असं कुणी विचारलं असतं तर वही खोटी पडली असती. मी वही वाचवली.

पिल्लं काळवंडली. वर येऊन तोंडं उघडझाप करू लागली, मग कुशीवर पडून गोल फिरू लागली. दोन दिवसांत तळाला पांढरा थर साचला. मावशी गाळणीनं मेलेली काढत होती आणि एखादं हललंसं वाटलं की परत सोडत होती.

दाजी आले. आधी वही पाहिली. "पाणी तर बराबर बदललंय. मंग?" आणि तिच्याकडं वळले. "मावशी, हाताला काय लावल्तं? मिश्री?"

"मिश्री तर रोजचीच हाय, मालक. हात धुते की मी."

"काय धुते! बारीक जीव हाय तो. एवढ्यानं बी मरतो."

तिनं माझ्याकडं पाहिलं. मी शिकलेला, मी सांगीन ते खरं.

"असू शकतं," मी म्हणालो.

तिनं दोन्ही हात उलटेसुलटे करून पाहिले. दुसऱ्या दिवसापासून तिला कुणी शेडवर बोलावलं नाही. पुढच्या पेरणीला लोक बोलवायला गेले तर म्हणाली, "दुसरीला न्या. माझ्या हाताला यश न्हाई." हे मला पारावर कळलं. मी घरी येऊन जेवलो.

या गोष्टीला सात वर्षं झाली. गेल्या महिन्यात मी तिच्या घरी गेलो. ती दारात सुपात डाळ निवडत होती. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. पाणी, वही, हिरवा रंग.

तिनं सुपातले दोन-तीन खडे वेचून बाजूला टाकले. मग म्हणाली, "रोज किती पाणी फेकावं लागलं असतं?"

"दोन-अडीचशे लिटर."

"अगं माय! कसं फेकणार मंग. मी बी न्हाई फेकलं असतं." ती थांबली. "पन त्या दिवशी का न्हाई बोलले, गुरुजी?"

मी तिच्यासमोर खाली बसलो.

"नातू झाला तवा बारा दिवस मी त्याला हात न्हाई लावला. सून म्हणायची, आत्या, घ्या की. बारीक जीव व्हता."

मी म्हणालो, "मावशी, यंदा चाड्यावर मूठ धरा. मी सांगतो सगळ्यांना."

ती हसली. "तिफण कुठं राह्यली आता? पोरगं ट्रॅक्टरनं पेरतं. मुठीची गरज न्हाई कुणाला."

मग उठली, सुनेनं मळून ठेवलेल्या पिठाच्या भाकरी थापायच्या होत्या. रांजणाशी जाऊन तांब्याभर पाण्यानं हात धुतले, पुसले. चुलीकडं वळण्याआधी तिनं दोन्ही तळवे नाकाशी नेऊन वास घेतला, आणि परत रांजणाकडं गेली.